पिशवी लहान, वही मोठी : कर्जत-खालापूरच्या रानात

मैत्रिणींनो, सुट्टीत मुलं व्हिडिओ गेम घेऊन बसली की आपल्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं, ‘पुरे झालं आता, डोळे जातील!’ वाक्य काही खोटं नाही. पण एकदा पदराला हात पुसत त्यांच्या शेजारी पाच मिनिटं बसून बघा. सगळ्याच खेळांत धाडधाड गोळ्या सुटत नसतात. हल्ली काही निवांत खेळही निघाले आहेत. त्यांत कोणी मरत नाही, कोणी हरत नाही, घड्याळ पाठीमागे लागत नाही. एक खेडं असतं, ओढा असतो, शेतं असतात. खेळणाऱ्यानं त्यातून नुसतं हिंडायचं, किडे पकडायचे, मासे धरायचे, भाज्या तोडायच्या आणि काय काय सापडलं ते वहीत टिपत जायचं.

ज्याच्या नावानं आपल्या घरोघरी रोज शंख होतो, त्या शिनचॅनचाही असा एक खेळ २०२१ साली जपानात निघाला. त्यात हा कार्टा कुमामोतो भागातल्या एका खेड्यात सुट्टीला जातो आणि जाळी घेऊन रानोमाळ भटकतो. खेळ रचणाऱ्याचं नाव काझ आयाबे. या गृहस्थांनी त्याच्या कितीतरी आधी, २००० साली, ‘बोकु नो नात्सुयासुमी’ नावाचा खेळ काढला होता. अर्थ अगदी साधा, ‘माझी उन्हाळ्याची सुट्टी’. गोष्ट घडते १९७५च्या ऑगस्ट महिन्यात. नऊ वर्षांचा मुलगा. आईचे दिवस भरत आलेले, म्हणून त्याला महिनाभर खेड्यातल्या नातेवाइकांकडे धाडलेलं. दिवसभर किडे, मासे, पतंग आणि रात्री झोपण्यापूर्वी चित्रांची रोजनिशी. वाचताना आपल्यापैकी किती जणींना स्वतःची गोष्ट आठवेल! आईच्या बाळंतपणात मावशीकडे किंवा आजोळी महिना काढलेल्या आपण पुष्कळजणी आहोत.

जपानी माणसानं आपल्या लहानपणीचं खेडं खेळात घालून ठेवलं. आपल्याकडे ते खेडं अजून लोकलच्या तिकिटावर आहे. मुंबई-ठाण्याच्या आणि पुण्याच्या मैत्रिणींना तर ते दोन-अडीच तासांवर आहे. रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके आहेत. समुद्र इथे नाही, त्यामुळे रायगड म्हटलं की अलिबाग, मुरुड आठवणाऱ्यांच्या यादीत हे तालुके येत नाहीत. येतात ते धबधब्यांच्या गर्दीत. ती गर्दी सोडून मुलांना घेऊन जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा एखादा दिवस इथे कसा घालवावा, ते आज सांगते. जायचं आहे रानभाज्या बघायला, ओळखायला आणि थोड्या घरी आणायला.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कर्जत शंभर किलोमीटर. लोकलनं दोन तास, क्वचित थोडे जास्त. पहिली सूचना अशी की रविवार टाळा. शनिवारी किंवा मधल्या वारी शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी, सकाळची शक्य तितकी लवकरची गाडी धरा. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला थांबणारी गाडी आहे ना, हे पाहूनच तिकीट काढावं. सगळ्या थांबत नाहीत. पुण्याकडे चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला इथे जादा इंजिनं लावतात. पुढचा बोरघाट १८६३ साली रेल्वेसाठी खुला झाला. मुलांना हे इंजिन जोडण्याचं काम फलाटावर उभं राहून पाहू द्या, आणि तोपर्यंत तुम्ही दिवाडकरांचा वडा घ्या. गाडीतून जाताना खिडकीतून घेतलेल्या वड्यापेक्षा तो उभ्यानं सावकाश खाल्लेला चांगला लागतो, असं माझं मत आहे.

स्टेशनाबाहेर पडलात की बाजाराच्या रस्त्याला पावसाळ्यात बायका ओळीनं बसलेल्या दिसतील. पुढ्यात प्लॅस्टिकचा कागद, त्यावर पानांचे वाटे, डोक्यावर दुसरा कागद. नेरळला, खोपोलीलाही असंच. या बहुतेक ठाकर आणि कातकरी समाजाच्या. भल्या पहाटे वाडीवरून निघून, रान पालथं घालून, ओझं डोक्यावर घेऊन उतरलेल्या असतात. काहीजणी तर कर्जतची लोकल धरून कल्याण-ठाण्यापर्यंत जातात. तुमच्या गावच्या मंडईच्या दारात जी बाई टाकळ्याच्या जुड्या घेऊन बसते ती कुठून येते, हे एकदा विचारून पाहा.

इथे घाई करू नका. भाजी घेण्याआधी मुलांना सगळ्या वाट्यांपुढून एक फेरी मारायला लावा आणि नावं विचारायला सांगा. वही-पेन्सिल त्यांच्या हातात असू द्या. खेळात नवीन किडा सापडला की पडद्यावर नाव येतं. इथे ते मावशीला विचारावं लागतं, आणि मावशी नुसतं नाव सांगत नाही. कशी चिरायची, कुणी खाऊ नये, कशात घालायची, हे सगळं सांगते. अशी फुकट पाककृती दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळते?

टाकळा पहिला. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत रस्त्याच्या कडेनं दाट उगवतो. पानं साधारण भुईमुगासारखी. संध्याकाळ झाली की ही पानं मिटतात, मुलांना याची मोठी गंमत वाटते. भाजी कोवळेपणीच करायची. कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि वरून ओलं खोबरं, बस्स. मग फोडशी, हिला कुणी कुलूची भाजी म्हणतात. दिसायला निव्वळ गवत, खाली पांढरा देठ. सफेद मुसळी म्हणून ज्या वनस्पतीची मुळं औषधात जातात तिच्याच कुळातली ही. त्या मुसळीचं शास्त्रीय नाव आपल्या बोरिवलीवरून पडलेलं आहे, हे बोरिवलीकर मैत्रिणींना ठाऊक आहे का? फोडशी धुताना पानाच्या बुंध्यातला मधला कडक दोरा काढून टाकावा लागतो. काम वेळखाऊ आहे, पण मुलांच्या हाताला देण्यासारखं आहे.

भारंगीची पानं कडेला करवतीसारखी दातेरी. कडू असतात, म्हणून उकडून पाणी पिळून टाकायचं आणि मग वाल किंवा डाळ घालून परतायचं. कुर्डूची भाजी माठासारखीच होते. हाच कुर्डू पुढे गणपतीच्या दिवसांत गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांनी माळ भरून टाकतो. कवळा, दिंड्याचे कोंब, चाईच्या वेलाचा मोहोर हे शहरात सहसा दिसत नाहीत, दिसले तर सोडू नका. करटोली मात्र आता सगळीकडे येतात आणि भावही बरेच खातात. ज्या मुलांना कारलं पुढे केलं की तोंड फिरवतात, ती करटोलीच्या कुरकुरीत काचऱ्या मागून घेतात. बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते. हे कधीही कच्चे किंवा अर्धकच्चे खाऊ नयेत. बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवायचे, ते पाणी फेकायचं आणि पुन्हा उकडून तेही पाणी फेकायचं. त्यात निसर्गतः विषारी अंश असतो, तो असा निघून जातो.

आणि शेवळं! या दोन तालुक्यांत जून महिन्यात यायचं एवढंच कारण पुरेसं आहे. सुरणाच्या जातीचा हा कंद. पाऊस पडायच्या सुमारास जमिनीतून पानं येण्याआधीच त्याचा जांभळट, टोकदार फुलोरा वर येतो. तो दोन-तीन आठवडेच मिळतो, नंतर वर्षभर नाही. शेवळाबरोबर ती बाई तुम्हाला आवळ्याहून लहान, हिरवी आंबट फळं देईल. ती काकडं. ती घेतल्याशिवाय शेवळं घेऊ नका, कारण शेवळं खाजरी असतात आणि काकडाच्या आंबटपणानं ती खाज मरते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. ज्यांच्या घरी शेवळं होत नाहीत त्यांनी ती अवश्य करून पाहावीत. कृती शेवटी देते.

भाजीची पिशवी भरली की मुलांना मोकळं रान दाखवायला पळसदरीला जा. कर्जतहून खोपोलीकडे एक फाटा जातो. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली, अशी पाचच स्टेशनं. १८५६ साली, बोरघाटात रूळ पडण्याच्या आधी, मुंबईची गाडी इथवर येऊन थांबत असे आणि पुण्याला जाणारी माणसं खोपोलीहून पुढे घाट चढत. या फाट्यावर गाड्या कमी आहेत, तेव्हा परतीची वेळ आधी लिहून घ्या, नाहीतर फलाटावर डबे उघडून बसावं लागेल (मुलांना त्याचंही काही वाईट वाटत नाही, आपल्यालाच वाटतं). पळसदरीच्या बाजूला भाताची खाचरं, बांध, रेल्वेचा जुना तलाव आणि समोर डोंगरांची रांग. गाव सोडून फार आत जायची गरज नाही. बांधावरून अर्धा तास चाललात तरी वहीची चार पानं भरतील.

काय दिसेल? मृग नक्षत्राच्या सुमारास आलात तर लाल मखमलीचा मृगाचा किडा. बांधाच्या बिळातून डोकावणारे मुठे, म्हणजे शेतातले छोटे खेकडे. लाजाळू. पाण्यावर पाय न बुडवता धावणारे किडे. जुलैत लावणीच्या पोरी-बायका. मुलांनी भाताचं नाव विचारलं तर एखाद्या शेतकऱ्याच्या तोंडून ‘कर्जत’ हे उत्तर येण्याचा संभव आहे. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं भाताचं संशोधन केंद्र आहे आणि तिथे निघालेले वाण गावाच्याच नावानं, पुढे आकडा लावून, ओळखले जातात. पावसाच्या तोंडाशी, मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला, राजमाचीच्या रानात काजवे झाडंच्या झाडं उजळून टाकतात. पण ती रात्रीची आणि डोंगरातली वाट आहे, लहान मुलांना घेऊन जाण्याजोगी नाही.

एक गोष्ट मुलांना आधीच बजावून ठेवा. रानात हात लावायचा तो विचारून. भाद्रपदात गौरीच्या सुमाराला पिवळ्या-लाल ज्वाळेसारखं एक सुंदर फूल कुंपणावर दिसतं, ती कळलावी. गौरीपूजनात तिचा मान आहे, पण तिचा कंद जहाल विषारी. लाल-काळी गुंज बघून मुलं हटकून खिशात भरतात. ती चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. आणि अळंबी स्वतः तोडण्याच्या फंदात कुणी पडूच नये. वारुळावरची अळंबी खाण्याची असतात हे ऐकून माहीत असणं वेगळं आणि ती ओळखणं वेगळं. पाटीत घेऊन बसलेल्या जाणत्या बाईकडूनच घ्या. पुस्तकातलं चित्र किंवा मोबाईलमधला फोटो यांवर भरवसा ठेवून रानातली कुठलीही पानं घरी आणून शिजवू नका. शेवळाच्या जागी दुसराच एखादा खाजरा कंद आणला तर घरादाराचे घसे सुजतील.

आता खेळाचा आणि रानाचा जो खरा फरक आहे, तो सांगते. मुलांच्या खेळात संध्याकाळी तोडलेली भाजी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी पुन्हा उगवलेली असते. जितकं तोडाल तितके गुण. रानात तसं नाही. फोडशी दर पावसात येते, कारण जमिनीखाली तिचं मूळ शिल्लक असतं. करटोलीचा वेल, चाईचा वेल, सगळे कंदातून फुटतात. वरचं पान खुडलं तर वेल पुढच्या वर्षी पुन्हा उभा. कंद उपटला की संपला. शेवळाचं तर आणखी नाजूक आहे. जे आपण खातो ते त्याचं फूलच. सगळीच फुलं तोडली तर बी धरणार कुठून? ‘मुळासकट नाय काढायची ताई, पुढच्या साली काय खाणार?’ असं बाजारातली मावशी सहज बोलून जाते. तिला हे कुणी शाळेत शिकवलेलं नाही. आई-आजीच्या मागून हिंडताना हाताला वळण लागलेलं असतं.

पहिल्या पुराच्या माशांचंही तसंच. पाऊस लागला की मासे ओढ्यातून, खाचरांतून वरच्या अंगाला चढतात, त्याला इकडे वलगण म्हणतात. मोठा उत्सवच असतो तो. पण हे मासे अंडी घालायला निघालेले असतात. वाडीतली दोन पोरं फडक्यानं चार मासे धरतात त्यानं काही बिघडत नाही. शहरातून आलेल्या गाड्यांतले वीस-वीस जण जाळी घेऊन उतरले तर मात्र बिघडतं.

म्हणून माझी विनंती अशी की मुलांना गोळा करू द्या ती नावं आणि चित्रं. तोडायचं काम ज्यांचं आहे त्यांना करू द्या. याला आणखी एक कारण आहे. आपल्याला ही सहल आहे. तिला तो पावसाळ्यातला रोख पैसा आहे. कातकरी समाज एके काळी खैरापासून कात काढायचा, नावच त्यावरून पडलं. तो धंदा गेला. महाराष्ट्रात सरकारनं ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून नोंदल्या आहेत त्यांत कातकरी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. भाताची कामं आटोपली, दिवाळी झाली की यांतली कितीतरी कुटुंबं मुलाबाळांसकट वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावरच परततात. परतल्यावर लावणी सुरू होईपर्यंत हाताशी काय असतं? टाकळा, शेवळं, फोडशी. आणि कितीतरी चुलींवर त्या दिवसांत भात-भाकरीबरोबर तेच असतं.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. पिढ्यान्‌पिढ्या जे रानातून आणत आले ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क त्यानं आदिवासींना दिला. पण हा हक्क जंगलाच्या जमिनीवर. कर्जत आणि खालापुरात फिरताना दर वळणावर फलक दिसतात, फार्महाऊस, बंगले, ‘निसर्गाच्या कुशीत दुसरं घर’. जिथून वाट जायची त्या माळाला तारेचं कुंपण पडतं, आत हिरवळ लावली जाते आणि टाकळा तण म्हणून उपटून टाकला जातो. कुंपणापलीकडची शेवळं वर येतात आणि कुणी न खाता सडून जातात. कुणी घर बांधू नये असं मी म्हणत नाही, आपल्यापैकी एखादीचंही तिकडे असेल. असेल तर पावसाळ्यात फाटक उघडं ठेवून त्या बायकांना आत येऊ द्यावं आणि माळ्याला तणनाशक मारू देऊ नये, एवढं तर सहज करता येईल. तुमच्याच आवारातली कुठली भाजी खाण्याजोगी आहे, हेही मग कळेल.

आणि भाव करणं. आपल्या हाडीमाशी खिळलेली सवय आहे, मला ठाऊक आहे. दुकानात ठोक किमतीची चिठ्ठी चिकटवलेली ब्रोकोली आपण मुकाट्यानं उचलतो आणि इथे एका वाट्यामागे पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. तीन तास रान तुडवून, सोलून, निवडून आणलेला तो वाटा आहे. कृषी विभाग २०२० पासून दर ऑगस्टमध्ये, आदिवासी दिनाच्या सुमारास, रानभाजी महोत्सव भरवतो, त्यातून या भाज्यांचा बोलबाला झाला हे चांगलंच. पण महोत्सवाचे चार दिवस संपले की ही बाई पुन्हा फुटपाथवर असते.

खालापूर तालुक्यात चौकच्या बाजूनं जाताना एक सुळका दिसतो, मध्ये भोक पडलेला. तो इर्शाळगड. त्याच्या अंगावर ठाकरांची इर्शाळवाडी होती. वर गाडीरस्ता नव्हता. गडावर चढणारी पोरं तिथे थांबून पाणी पीत, जेवण सांगून ठेवत. १९ जुलै २०२३च्या रात्री, मुसळधार पावसात, डोंगराचा कडा वाडीवर कोसळला. मदतीची माणसं अंधारात चिखलातून पायी वर चढली, यंत्रं नेता आली नाहीत. सत्तावीस मृतदेह निघाले. सत्तावन्न माणसं सापडली नाहीत. चौथ्या दिवशी शोध थांबवला. मुलांना ही गोष्ट सांगावी की नाही, हे ज्याच्या-त्याच्या आईनं ठरवावं. मी तरी दहा-बारा वर्षांच्या मुलाला सांगेन. डोंगराच्या कुशीतलं चित्रासारखं खेडं बघताना त्या कुशीत राहणं म्हणजे काय, हे त्याला कळायला हवं. बाजारात बसलेल्या बायकांतल्या किती जणी अशाच उतारांवरच्या वाड्यांतून येतात, हेही.

आपल्या सुरक्षिततेचं बोलायचं तर इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आणि तो बहुतेक चारच महिन्यांत. वर डोंगरात ढग रिकामा झाला की खाली कोरड्या दिसणाऱ्या ओढ्याला काही मिनिटांत लोंढा येतो. धबधब्यांवर आणि धरणांवर जायला पावसाळ्यात पुष्कळदा मनाई असते, ती मोडू नका. ओढ्याच्या पात्रात डबे सोडून बसू नका. हवामान खात्यानं जोराच्या पावसाचा इशारा दिला असेल तर बेत सरळ पुढच्या आठवड्यावर ढकला. भाज्या पळून जात नाहीत (शेवळं सोडून!).

सामान थोडंच घ्या. पायात चिखलात रुतून न बसणारी, मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. साडी नको, सलवार-कमीज बरी. एक जास्तीचा कपड्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत. हळद, कापूस, चिकटपट्टी. भाजीसाठी कापडी पिशव्या दोन, एक पानांची, एक शेवळांची, कारण शेवळं दुसऱ्या भाजीत मिसळली तर निवडताना हात खाजतात. आणि कागदाच्या चकत्या, मावशीकडून घेतलेल्या प्रत्येक भाजीवर नाव लिहून बांधायला. घरी गेल्यावर पाच हिरव्या जुड्यांतली भारंगी कोणती नि दिंडा कोणता, याचा सासूबाईंनाही पत्ता लागत नाही.

पावसाळा चुकलाच तर डिसेंबर-जानेवारीत या. हवा छान असते. नेरळजवळ मालेगावचा सगुणा बाग आहे. तिथे शेतावर राहण्या-फिरण्याची सोय आहे. म्हशी, मासे, झाडं, सगळं जवळून बघता येतं. थोडी चालायची तयारी असेल तर कोंदिवड्याच्या बाजूनं कोंदाण्याची बौद्ध लेणी करा. पावसात तिथे जाऊ नये, वरून दगड सुटतात. ही लेणी दोन हजार वर्षांहून जुनी मानतात. तिथे एका भग्न मूर्तीच्या डोक्याशेजारी ब्राह्मी लिपीत ओळ कोरलेली आहे. हे काम कण्हाचा शिष्य बलक यानं केलं, एवढाच तिचा अर्थ. त्याला आपल्या गुरूचंही नाव दगडावर ठेवावंसं वाटलं, हे मला फार आवडतं. मुलांच्या वहीत मावश्यांच्या शिकवण्यावरून लिहिलेल्या नावांशेजारी हीही दोन नावं उतरवून घ्यायला सांगा.

आता कबूल केलेली शेवळं. दहा-बारा शेवळं, दहा-बारा काकडं, वाटीभर भिजवलेली चणाडाळ (मांसाहारी घरात सोललेली कोलंबी किंवा सोडे). हाताला तेल लावून बसा. शेवळाचं वरचं जाड आवरण काढा, आतल्या दांड्याच्या खालच्या अंगाचा पिवळट दाणेदार भाग खरवडून टाकून द्या, खाज तिथेच जास्त. उरलेलं बारीक चिरा. काकडं ठेचून बिया काढा, वाटीभर पाण्यात उकळून पाणी गाळून घ्या. कढईत सढळ तेलावर लसूण, मग भरपूर कांदा, मग शेवळं घालून चांगली तांबूस होईपर्यंत परता. डाळ, हळद, तिखट, गरम मसाला, मीठ आणि काकडाचं पाणी घालून झाकण ठेवून पूर्ण मऊ शिजवा. घाई केलीत तर घसा सांगेल. शेवटी ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि एक उकळी. काकडं नसली तर चिंचेचा घट्ट कोळ घालतात, पण तेवढी सर नाही येत. पहिला घास आपण घ्यावा, पाच मिनिटं थांबावं आणि मग मुलांना वाढावं.

टाकळा आणि फोडशी त्याच रात्री निवडून ठेवा, सकाळपर्यंत पानं काळी पडतात. प्रत्येक भाजीचं एक पान वर्तमानपत्रात दाबून वहीत चिकटवायचं असेल तर तेही झोपण्यापूर्वीच करून घ्या. सोमवारी शाळेच्या घाईत ती पानं दप्तरातच चुरगाळतात आणि मग आठवडाभर डब्याला भारंगीचा वास येतो.